नवस फेडलेलं पोट

"टाके दाखवा ना भाऊ," ती बाई म्हणाली, आणि माझ्या हातातला शिक्का पुस्तकाच्या पानावर तिरपा उमटला. कॉलेजचं वाचनालय, भर दुपार, समोरच्या बाकांवर स्पर्धा परीक्षेची पोरं माना खाली घालून बसलेली, आणि ही अनोळखी बाई माझ्या टेबलाशी उभी राहून माझ्या शर्टाच्या बटणांकडे पाहत होती. अगदी सरळ. बाजारात वांगं उलटंपालटं करून पाहतात तसं. मी म्हटलं, "कोणते टाके?" तर म्हणते, "पोटाचे जी. मी नाचणगावची छाया. तुमच्या आईनं पाठवलं. आनंदाबाई म्हणाल्या, वर्ध्याले कॉलेजात पुस्तकं देते माहा गोपाल, त्याले जाऊन पाहून घे. हातच्या कांकणाले आरसा कायले?" दोनतीन पोरांनी माना वर केल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय प्रदर्शनातला बैल आहे? वर्ध्यात माझ्या पोटाची गोष्ट कोणाला माहीत नव्हती, मी ती माहीत होऊ दिली नव्हती, आणि आईनं केळझरला ओट्यावर बसून ती नाचणगावपर्यंत पोचवली. बाईच्या मागे कपाटाला टेकून एक पोरगी उभी होती. वीस वर्षांची असेल नसेल, ओढणी डोक्यावरून घेतलेली, मनगटं इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत जावी. ती माझ्याकडे पाहत नव्हती. दाराकडे, मग खिडकीकडे, मग बाहेरच्या व्हरांड्याच्या टोकाकडे पाहत होती. ती काय शोधतेय ते मला लगेच कळलं, कारण कुठंही गेलो की मीही आधी तेच शोधतो.

"माही रोशनी," बाई म्हणाली. "तुमचंच ऑपरेशन झालं तिचं, दिवाळीच्या आंधी. सेम टू सेम." मी विचारलं, गोळ्या सुरू आहेत ना? बाईचा चेहरा उजळला. "बंद केल्या जी! आनंदाबाई म्हणाल्या, नवस बोलला ना, मंग गोळ्या कायले खाता? देवावर भरोसा हाय का नाई? माह्या गोपालनं बी बंद केलत्या, आता पाहा कसा ठणठणीत हाय. येतो ना आमी चौथीले केळझरले, तुमच्या रोडग्याले." आणि यावर मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "वाचनालयात हळू बोला." बस्स, एवढंच. त्या पोरीच्या पोटात काय चाललंय ते मला तिच्या आईपेक्षा जास्त कळत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं ते भिंतीवरच्या पाटीचं वाक्य. त्या गेल्या. मी तिरपा शिक्का खोडण्याचा प्रयत्न केला, पान फाटलं, आणि दिवसभर मी समोर येईल त्याच्यावर डाफरत राहिलो. शिपायावर, पोरांवर, पंख्यावर.

हे पोट कसं फाटलं ते मीच सांगतो. आईच्या तोंडून ऐकाल तर त्यात गणपती आहे, दुर्वा आहेत, नारळ आहे, फक्त आतडं नाही. कॉलेज संपलं त्या सुमाराला जेवण झालं की उजव्या बाजूला खाली पीळ पडायला लागला. जुलाब, बारीक ताप, अंग उतरत चाललेलं. लोक म्हणाले पोट्टं प्रेमात पडलं. पहिल्या डॉक्टरनं आतड्याचा टीबी सांगितला, आणि लघवी लालभडक करणाऱ्या त्या गोळ्या मी इमानेइतबारे गिळल्या. पुढे एका सकाळी पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. वरून काही जाईना, खालून काही येईना, नुसती हिरवी उलटी. मोठ्या दवाखान्यात नेलं, कापलं, लहान आतड्याचं शेवटचं हातभर टोक आणि मोठ्या आतड्याचं तोंड काढून टाकलं, उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली. काढलेला तुकडा तपासल्यावर कळलं की टीबी कधी नव्हताच. क्रोन नावाचा आजार, ज्यात आपलंच शरीर आपल्या आतड्यावर उठतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पलंगाशी स्टूल ओढून बसल्या आणि आईला म्हणाल्या, "मावशी, सडलेला भाग आम्ही काढला. आजार काढलेला नाही, तो काढता येत नाही. जिथं जोडलंय तिथं तो पुन्हा येतो, बहुतेकांना येतो. म्हणून औषध कायम, तपासणी कायम." आईनं पदर डोळ्याला लावून सगळं ऐकलं, व्हरांड्यात आली आणि मामाला म्हणाली, "काढला म्हन्ते बाप्पा! सारा काढला." तिथंच घोडं पेंड खातं. माझा पुढचा सगळा जन्म त्या एका वाक्यात अडकला.

त्या हातभर तुकड्याचं काम काय होतं ते तो गेल्यावर समजलं. खाली उतरलेलं पित्त परत शोषून घेणं हे त्याचं काम. आता पित्त तसंच खाली धावतं आणि मलाही धावायला लावतं. बी-बाराही तिथंच शोषलं जायचं, म्हणून त्याची सुई घ्यावी लागते. विसरलो तर तळपायाला मुंग्या येतात आणि रोज हाताळलेल्या पुस्तकांची नावं आठवत नाहीत. लोकांना ऑपरेशन म्हणजे दात काढल्यासारखं वाटतं. काढला, थुंकलं, झालं. "झालं ना ऑपरेशन? मंग आता काय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्यांच्या कानाखाली एकेक वाजवावीशी वाटते. आता काय म्हणजे हेच. सकाळी उठून आधी पोटाला विचारायचं, बाबा रे, आज काय बेत? मग घराबाहेर पाय. वर्ध्यातली कोणती संडासं उघडी असतात, कुठं कडी लागते, कुठं नळाला पाणी असतं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लग्नाचं बोलावणं आलं तरी मी आधी मंगल कार्यालय कोणतं ते पाहतो. नवरा-नवरी कोण ते नंतर.

आणि या सगळ्यावर आईचा नवस. मी आत टेबलावर होतो तेव्हा ती बाहेर जमिनीवर डोकं टेकून म्हणाली होती, "माह्या पोराचं पोट नीट कर, दरसाल तुह्या चौथीले रोडगे करीन." आमच्या आजोळची रीत अशी की ज्याच्या जिवासाठी नवस बोलला, त्यानं पहिला रोडगा सगळ्यांसमोर अख्खा खायचा. त्याचा घास संपेपर्यंत पंगतीनं पत्रावळीला हात लावायचा नाही. तो खातो म्हणजे देव पावला. पहिल्या वर्षी मी खाल्ला आणि मला काहीही झालं नाही. तेच चुकलं. त्या दिवशी पोटात कळ आली असती तर फार बरं झालं असतं. आई हात जोडून म्हणाली, आता गोळ्या खाशील तर देवाले खोटा पाडशील. मी बंद केल्या. पुढची काही वर्षं खरंच बरी गेली, या आजाराची दगाबाजी हीच. गोडीगुलाबीनं बसू देतो आणि मग आतून पोखरतो. पुन्हा जुलाब सुरू झाले तेव्हा मी आईला म्हटलं, त्रास होऊन राह्यला. तिचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या तोंडावर मारलं. "माह्या नवसात काय कमी पडलं?" एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर ती अनवाणी पायानं केळझरच्या गणपतीची टेकडी चढायला लागली. तळवे फुटले. मी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, चष्म्याच्या डबीत लपवून, चोरासारखा, आणि तिला सांगितलं, बरं आहे आता. तेव्हापासून मला आजारी पडायची परवानगी नाही. मी बरा झालेला माणूस आहे. कोणाला मुतखडा झाला, आई म्हणते माह्या गोपालले पाहा. कोणाला हर्निया, माह्या गोपालले पाहा. एकाची तर म्हैस खात नव्हती, त्यालाही माझं उदाहरण दिलं. हसू येतं तुम्हाला? मलाही यायचं, नाचणगावची बाई येईपर्यंत.

चौथीला मी आणि मंजुषा वर्ध्याहून एसटीनं निघालो. मंजुषा माझी बायको, घरात खरं फक्त तिला माहीत. मी दाराजवळची जागा धरली, नेहमीसारखी. आदल्या दिवसापासून नुसत्या पेजेवर होतो, रोडगा उतरायला वाट मोकळी असावी म्हणून. पण यंदा वाटच उरली नव्हती. मागच्या महिन्यात नागपूरला दुर्बीण घातली, तर जोडाच्या जागी जखमा, आणि तिथं आतडं इतकं आवळलेलं की नळी पुढं सरकेना. डॉक्टर म्हणाले, आधी फुगा घालून रुंद करून पाहू, नाही जमलं तर पुन्हा कापू. प्रत्येक वेळी कापलं की आतडं तेवढं कमी होतं, ते परत वाढत नाही. आणि तोवर जाडंभरडं, बिया, सालं, सगळं बंद. अडकलं तर सरळ टेबलावर. रोडगा म्हणजे जाड्या कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, आणि सोबत वांग्याची भाजी, बियांसकट, सालासकट. माझ्यासाठी मुद्दाम बेत ठरवला असता तरी इतका नेमका जमला नसता. सेलूच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मंजुषा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "आज सांगा. नाई तर मी सांगतो." मी म्हटलं, तू मधी पडू नको. ती म्हणाली, "मी कायले पडतो? पडान तर तुमी, तिथंच पंगतीत. आन थ्या पोरीचं काय? तिच्या गोळ्या कोणाच्या नावानं बंद झाल्या?" मी तिच्यावर खेकसलो. सगळी एसटी वळून पाहायला लागली. खरं म्हणजे तिचं बरोबर होतं म्हणूनच खेकसलो.

देवळात दर्शन घेतलं आणि टेकडी उतरून मामाच्या वावरात आलो. गव्हाच्या बांधाशी आंब्याखाली आर पेटलेला, बाया कणिक तिंबत होत्या, मामा पत्रावळी मांडत होता. आई मला पाहून धावत आली. ती किती वाळली आहे ते मला दरवर्षी त्या धावण्यात दिसतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती माझ्यासाठी फरशीवर झोपलेली आहे, माझ्या घाण झालेल्या पातळ अंथरुणाला तिनं कोणाला हात लावू दिला नाही, स्वतः धुतलं. तिच्यावर धड रागावताही येत नाही आणि राग तर असा उसळतो की दात दुखतात. "आला माहा वाघ," ती म्हणाली आणि माझ्या पोटावरून हात फिरवला, शर्टावरून, सगळ्यांसमोर. छायाबाई आली होती. रोशनी तिच्या बाजूला उकिडवी बसलेली, गुडघे पोटाशी घट्ट धरून. मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं ओठ दाबले. ती कळ मी ओळखतो. लाटेसारखी येते, वर चढते, एका टोकाला थांबते, आणि माणूस त्या टोकाला श्वास धरून बसतो.

पंगत बसली. आईनं पहिला रोडगा राखेतून काढून झटकला, फोडला, तुपात बुडवला आणि माझ्या पत्रावळीवर ठेवला. मग तुपाची वाटी हातात धरून ती पंगतीला म्हणाली, तिचं दरवर्षीचं भाषण, "पाहा जी, याचं पोट फाडलंतं. पाणी पचत नव्हतं. आता दगड पचवते. देवाची करणी!" सगळ्यांनी हात जोडले. छायाबाईनं पोरीला कोपरानं ढोसलं, पाहा म्हणून. पोरीनं पाहिलं. तिच्या डोळ्यांत विश्वास नव्हता, नुसती दमणूक होती. तिला माहीत होतं. तिच्या आतड्याला माहीत होतं. आणि तरी ती माझा घास पाहायला थांबली होती, कारण माझ्यावर तिच्या घरच्यांचा भरोसा होता. वांग्याचा वास नाकात शिरला, माझ्या पोटात जोडाच्या जागी काहीतरी आवळलं, आणि मी हात मागे घेतला.

"मी नाई खात," मी म्हणालो.

"काऊन? आर जास्त लागला का?" आईनं वाकून पाहिलं.

"माही बिमारी गेली नाई, आई. कधीच गेली नव्हती. दुर्बीण घातली मागच्या महिन्यात. पुन्हा कापा लागन कदाचित."

"हळू बोल," ती म्हणाली. अगदी मीच वाचनालयात म्हणालो होतो तसं. त्यानं माझं उरलंसुरलं भान गेलं.

"काऊन हळू? गावभर दवंडी पिटताना हळू बोलली का तू? मी गोळ्या खातो. रोज खातो, चोरून. त्याच्यावर जगून राह्यलो, तुह्या रोडग्यावर नाई! आन तूनं या पोरीच्या गोळ्या बंद केल्या!"

मामा म्हणाला, "गोपाल, आजच्या दिवशी असं बोलते का कोणी?" आईचे ओठ हलत होते. पंगत खोळंबली होती, पत्रावळींवर भाजी निवत होती, आणि पहिला घास कोणीतरी घेतल्याशिवाय पंगतीला जेवताही येत नव्हतं, उठताही येत नव्हतं. मग आईनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं माझ्या पत्रावळीवरचा रोडगा उचलला, दोन पत्रावळी ओलांडून गेली आणि तो रोशनीच्या पुढ्यात ठेवला. "तू खाय बाई," ती म्हणाली. "तुह्या नावानं होऊ दे पह्यला. तुह्यं तर नवंच हाय सारं." छायाबाईनं लगेच हात जोडले. पोरगी आज्ञाधारक. तिनं हात पुढं केला.

मी कसा उठलो ते आठवत नाही. तिच्या हाताखालचा तो रोडगा मी उचलला आणि फेकला, सरळ आरात. राख उडाली, ठिणग्या उडाल्या, तुपाचा भपका आला. "अरे सत्यानाश!" मामा ओरडला. कोणी म्हातारी देवा देवा करायला लागली. आई तुपाची वाटी धरून तशीच उभी. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. त्या सगळ्या गोंधळात रोशनी उठून उभी राहिली, एका हातानं पोट धरून, आणि जन्मात पहिल्यांदाच बोलल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "दादा, संडास कुठं हाय?"

मला माहीत होतं. गोठ्यामागं. दरवर्षी रोडगा खाऊन मी तिथंच जातो, पाणी घेऊन, कोणाला न दिसता. तिला घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो. दार उघडलं तर आत छतापर्यंत पऱ्हाट्या रचलेल्या. मामानं यंदा सरपण ठेवलं होतं. मी दोन्ही हातांनी त्या काड्या ओढून बाहेर फेकल्या, हात ओरबाडले, मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि पोरगी भिंतीला धरून म्हणत होती, लवकर दादा, लवकर. जागा झाली. ती आत गेली. कडी तुटलेली होती, म्हणून मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आतून आवाज येत होते. त्या आवाजांची मला लाज वाटली नाही. "दादा, तुमी गेले तर नाई ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नाई. बस तू निवांत."

गोठ्याला वळसा घालून ते आले. पुढं छायाबाई, मागं मंजुषा, सगळ्यांच्या मागं आई, वाटी अजून हातातच. मी शर्टाची बटणं काढली. भराभर, एक तुटलंच. बनियन वर केलं. "पाहाचे होते ना टाके? घ्या पाहून." बेंबीच्या वरपासून खालपर्यंत गेलेली ती रेघ, बाजूला नळी काढलेल्या जागेचा खळगा. "हे वरचं सारं बरं झालं. हे पाहून काही समजत नाई, बाई. आतमधी जिथं शिवलं तिथं पुन्हा जखमा झाल्या. हिले बी होतीन. गोळ्या घेतल्या तर उशिरा होतीन, सोडल्या तर लवकर. उद्याच्या उद्या तिले ऑपरेशनवाल्या डॉक्टरकडे न्या." छायाबाई त्या रेघेकडे पाहतच राहिली. मग तिनं वर पाहिलं, आणि आता तिच्याही डोळ्यांत आग होती. "हे त्या दिवशी काऊन नाई सांगतलं भाऊ? आमी इतक्या लांबून आलतो."

"आईले भेलो," मी म्हणालो.

दारामागून रोशनीचा आवाज आला, "दादा, इथं पाणी नाई."

मी हलू शकत नव्हतो, दार उघडलं असतं. मंजुषा पुढं झाली, पण आईनं तिला हातानं अडवलं. तिनं तुपाची वाटी गोठ्याच्या भिंतीवर ठेवली, जनावरांची बादली उचलली, हौदाशी गेली, वाकून भरली आणि दोन्ही हातांनी धरून परत आली. फुटलेल्या तळव्यांवर पाणी सांडत होतं. बादली दाराशी ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "शर्ट लाव," म्हणाली. "हवा लागते पोटाले."

मी बटणं लावायला लागलो. माझा राग काही गेला नव्हता. मला अजून बरंच भांडायचं होतं. आईनं पदरानं हात पुसले, नाक पुसलं, आणि छायाबाईला विचारलं, "थ्या गोळ्या फेकल्या तर नाई ना तूनं?"

"नाई जी," छायाबाई म्हणाली, आणि तिनं काखेतल्या थैलीत हात घातला.